परखड सल्ला आणि कोरडा उपदेश

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



१९९३ साली कॅनडातील टोरोंटो शहरी स्वमग्नतेवर एक आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती. अशा परिषदांना तोवर मुख्यत्वे डॉक्टर, मानसशास्त्रज्ञ, विशेष शिक्षक आणि पालक जमत. ज्यांच्याविषयी चर्चा चाले ती माणसे चर्चेचा विषय असत; व्यासपीठावर त्यांना क्वचितच स्थान मिळे. या परिषदेत जिम सिंक्लेअर या स्वमग्न व्यक्तीने भाषण केले, आणि ते पालकांना उद्देशून होते. ‘आमच्यासाठी शोक करू नका’ अशा अर्थाचे त्याचे शीर्षक होते. त्यातील प्रतिपादन थोडक्यात असे : ज्या मुलाची तुम्ही वाट पाहिली ते आले नाही, याचे दुःख तुम्हाला होणे स्वाभाविक आहे, पण ते दुःख तुमच्या अपेक्षेचे आहे, समोरच्या मुलाचे नव्हे. स्वमग्नतेच्या आवरणाखाली कोणी वेगळे, ‘सुरळीत’ मूल दडलेले नाही. जे आहे ते हेच मूल आहे आणि त्याला तुमच्या अश्रूंपेक्षा तुमची गरज आहे.

हे बोल कठोर होते. पोळलेल्या आईबापांना असे कोणी तोंडावर सांगत नाही. तथापि आज तीस वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर मागे वळून पाहिले, तर स्वमग्न प्रौढांच्या चळवळीचा एक आरंभबिंदू म्हणून याच भाषणाकडे बोट दाखवले जाते. परखड शब्द केव्हा बळ देतो आणि केव्हा माणसाला मोडतो, हा आजचा विषय आहे; आणि त्याचे उत्तर शोधण्यास या चळवळीचा अनुभव फार उपयोगी आहे.

प्रथम स्वमग्नता म्हणजे काय ते स्पष्ट केले पाहिजे. ही जन्मजात असणारी, मेंदूच्या वाढीतील भिन्नता आहे. संवादाची रीत वेगळी असते, सूचक बोलणे आणि चेहऱ्यावरील भाव यांचा अर्थ चटकन लागत नाही, ठरलेल्या क्रमात बदल झाला तर मन विस्कटते, आणि आवाज, उजेड, वास, स्पर्श यांची जाणीव अनेकदा असह्य होण्याइतकी तीव्र असते. काही स्वमग्न माणसे बोलत नाहीत व त्यांना आयुष्यभर दुसऱ्याच्या आधाराची गरज लागते. काही विद्यापीठात शिकवतात. १९४३ मध्ये लिओ कॅनर यांनी अमेरिकेत या अवस्थेचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यानंतर दोन-अडीच दशके दोष आईच्या माथी मारला गेला. आईच्या थंडपणामुळे मूल असे होते, या कल्पनेला ब्रुनो बेटलहाइम यांच्या १९६७ सालच्या पुस्तकाने मोठी प्रसिद्धी दिली. ती कल्पना निराधार ठरली, पण तोवर असंख्य मातांनी ते ओझे वाहिले होते. त्या अन्यायाविरुद्ध पालक संघटित झाले, ही मोठी गोष्ट होय. मात्र त्या संघटनांतही मुले मोठी होतात आणि त्यांना स्वतःचे म्हणणे असते, याचे भान यायला वेळ लागला.

१९९२ मध्ये सिंक्लेअर, डोना विल्यम्स आदी मोजक्या स्वमग्न प्रौढांनी पत्रव्यवहारातून जमलेल्या ओळखींच्या आधारे स्वतःची संघटना उभारली आणि वार्तापत्र सुरू केले. या माणसांनी एकमेकांशी बोलताना जी भाषा वापरली ती बाहेरच्याला रूक्ष वाटावी अशी होती. खुशालीची विचारपूस नाही, गोड प्रस्तावना नाही, धीराचे ठरावीक शब्द नाहीत. ‘हे तुला जमणार नाही, ते सोड; हे जमेल, ते असे कर’ असा थेट मामला.

या थेटपणाला उर्मटपणा म्हणणे सोपे आहे, पण ते चूक आहे. आपल्या समाजात सल्ला वेष्टनात गुंडाळून दिला जातो. ‘जरा बघा, जमलं तर’ या चार शब्दांत वरिष्ठाचा हुकूम असतो, आणि ‘या कधीतरी घरी’ यात आमंत्रण नसते. हे वेष्टन उलगडण्याचे श्रम बहुसंख्यांना जाणवत नाहीत, कारण ते त्यांना लहानपणापासून सवयीचे असतात. ज्याला ते उलगडत नाही त्याच्या दृष्टीने वेष्टनातला सल्ला म्हणजे न दिलेला सल्ला. त्याला सरळ सांगणे हेच सौजन्य. वर्षानुवर्षे ‘तुझे काहीतरी चुकते आहे’ असे सर्वांच्या नजरेतून कळलेल्या, पण नेमके काय चुकते ते कोणीच न सांगितलेल्या माणसाला स्पष्ट वाक्य हे किती मोठे ऋण वाटत असेल, याची कल्पना करावी.

या अनुभवाला पुढे अभ्यासाचाही आधार मिळाला. ब्रिटनमधील समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन हे स्वतः स्वमग्न आहेत. २०१२ मध्ये त्यांनी मांडले की, स्वमग्न माणूस इतरांना समजून घेण्यात कमी पडतो हे अर्धसत्य आहे. इतरही स्वमग्न माणसाला समजून घेण्यात तितकेच कमी पडतात. दरी दुहेरी आहे, दोष मात्र एकाच काठावर लादला जातो. २०२० मध्ये कॅथरिन क्रॉम्प्टन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ७२ जणांच्या साखळ्या करून एक गोष्ट एकाकडून दुसऱ्याकडे सांगवत नेली. केवळ स्वमग्नांची साखळी आणि केवळ इतरांची साखळी सारखीच पार पडली. मिश्र साखळीत अधिक तपशील गळाले. पुढे २०२५ मध्ये ३११ जणांवर हाच प्रयोग झाला, तेव्हा मिश्र साखळ्याही मागे पडल्या नाहीत. म्हणजे दरीविषयीचा पहिला निष्कर्ष जपूनच वापरला पाहिजे. परंतु स्वमग्न माणसे आपसांत इतरांइतकाच चोख संवाद साधतात, ही गोष्ट दोन्ही वेळा दिसली. त्यांच्यात संवादाची क्षमताच नाही, हा जुना समज त्यापुढे टिकत नाही.

आता नाण्याची दुसरी बाजू पाहू. परखड सल्ला मोलाचा म्हणून सर्व प्रश्न सल्ल्याने सुटतात असे नाही. ब्रिटनच्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०२० सालच्या आकडेवारीनुसार कामाच्या वयातील स्वमग्न प्रौढांपैकी सुमारे २२ टक्केच रोजगारात होते. २०२४ मध्ये रॉबर्ट बकलंड यांनी तेथील सरकारला सादर केलेल्या अहवालातही हे प्रमाण दहात तीनच्या आसपास होते. ही सर्व माणसे धीर नसल्यामुळे बेकार आहेत काय? मुलाखतीच्या अर्ध्या तासात नजरेला नजर भिडवणे, हसून बोलणे, न विचारलेले ओळखणे यांची परीक्षा होते. हिशेब चोख लिहिता येतो की नाही, यंत्र नीट चालवता येते की नाही, याची होत नाही. श्रमाच्या बाजारात विकली जाते ती श्रमशक्ती, असे अर्थशास्त्र सांगते. प्रत्यक्षात तिच्याबरोबर एक मुखवटाही विकावा लागतो, आणि त्याचा मोबदला कोणत्याही वेतनचिठ्ठीवर लिहिलेला नसतो.

हा मुखवटा दिवसभर सांभाळणे हेही श्रमच होत. नजर कुठे ठेवायची, हात कसा हलवायचा, हसायचे कधी, याचा हिशेब मनात सतत चालू ठेवून माणूस आठ तासांचे काम करतो आणि घरी येऊन कोसळतो. त्याची किंमत किती भयंकर असू शकते? २०१४ मध्ये ब्रिटनमध्ये, प्रौढपणी अ‍ॅस्पर्गर प्रकारच्या स्वमग्नतेचे निदान झालेल्या ३७४ जणांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातील ६६ टक्के लोकांच्या मनात कधी ना कधी आत्महत्येचा विचार येऊन गेला होता. २०१८ च्या अभ्यासात आपले वेगळेपण लपवण्याची धडपड आणि असे विचार यांचा संबंध आढळला. त्यामुळे अशा माणसाला ‘खंबीर हो’ एवढेच सांगणे हे केवळ निरुपयोगी नसून घातकही ठरू शकते.

येथेच परखड सल्ला आणि कोरडा उपदेश यांतील भेद ध्यानात घेतला पाहिजे. ‘रडत बसू नकोस, उठ, प्रयत्न कर’ हे वाक्य मालकही उच्चारतो आणि सोबतीही. मालकाच्या तोंडी त्याचा अर्थ ‘व्यवस्था बदलणार नाही, तू बदल’ असा होतो. सोबत्याच्या तोंडी त्याचा अर्थ ‘या वाटेने मीही गेलो आहे, कुठे ठेच लागते ते दाखवतो’ असा होतो. शब्द तेच, पण त्यामागचे नाते निराळे. सल्ला देणाऱ्याने तोच भार वाहिलेला आहे काय? सल्ल्यात करण्याजोगी एखादी ठोस गोष्ट आहे काय? आणि ती करताना हात देण्याची त्याची तयारी आहे काय? या तीन प्रश्नांची उत्तरे होकारार्थी असतील तरच परखडपणाला नैतिक अधिकार पोचतो.

हा दोष केवळ बाहेरच्यांत असतो असे नाही. स्वमग्न प्रौढांतही ज्याला शिक्षण, पैसा आणि समजूतदार कुटुंब लाभले तो कधीकधी मागे राहिलेल्याला म्हणतो, ‘मला जमले, मग तुला का नाही?’ त्या क्षणी सोबती मालकाची भाषा बोलू लागतो. ज्याला शब्दच उच्चारता येत नाहीत, ज्याला दिवसरात्र सांभाळावे लागते, त्याच्यापुढे स्वतःच्या यशाचा दाखला ठेवणे हा परखडपणा नव्हे. ते स्वतःच्या सुदैवाला कर्तृत्व समजणे होय.

सिंक्लेअर व त्यांचे सहकारी या खड्ड्यात पडले नाहीत, याचे कारण त्यांनी बोलण्याबरोबर व्यवस्थाही बदलली. १९९६ पासून त्यांनी न्यू यॉर्क राज्यात स्वमग्नांची स्वतःची निवासी शिबिरे सुरू केली. तेथे रंगीत बिल्ले असत. लाल म्हणजे कोणीही बोलावयास येऊ नये. पिवळा म्हणजे केवळ परिचितांनी यावे. पुढे हिरव्याचीही भर पडली, त्याचा अर्थ बोलण्याची इच्छा आहे, पण सुरुवात करता येत नाही, तुम्ही करा. उग्र सुगंधी द्रव्ये आणि छायाचित्रणाचा झगमगाट यांना तेथे बंदी असे. प्रत्येक सत्राला बसलेच पाहिजे अशी सक्ती नसे. या साध्या योजनांना खर्च जवळजवळ नाहीच. परंतु आयुष्यभर ‘चिवट’ राहावे लागलेल्या माणसाला काही दिवस चिवट राहण्याची गरजच उरली नाही. माणसाचे बळ असेच वाढते. ते पोलादासारखे घाव घालून घडत नाही. रोपासारखे वाऱ्यापासून आडोसा मिळाला की मूळ धरते.

आपल्या देशापुरते पाहिले तर १९९५ च्या अपंगांविषयीच्या कायद्यात स्वमग्नतेचा स्वतंत्र उल्लेख नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने तिची दखल घेतली. २०१६ च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्याने अपंगत्वाच्या २१ प्रकारांत तिचा समावेश केला आणि सरकारी नोकऱ्यांतील चार टक्के आरक्षणात स्वमग्नता, बौद्धिक अपंगत्व, मानसिक आजार इत्यादींसाठी मिळून एक टक्का राखला. हक्क कागदावर आला. तो माणसापर्यंत पोचवणे हे कार्यकर्त्याचे काम आहे : प्रमाणपत्रासाठी बरोबर जाणे, अर्ज भरण्यास मदत करणे, मुलाखतीचे प्रश्न आधी लेखी द्यावेत असा आग्रह धरणे, कामाच्या जागी दिवसाचा क्रम स्पष्ट लिहून घेणे. सभेला आलेला एखादा तरुण कोपऱ्यात कानांवर हात ठेवून बसला असेल, तर त्याला पुढे ओढण्याऐवजी आधी कर्ण्याचा आवाज कमी करावा.

त्यानंतर त्याला जे सांगायचे ते अवश्य स्पष्ट सांगावे, आणि तो जे स्पष्ट सांगेल ते राग न धरता ऐकावे. सिंक्लेअर यांच्या भाषणातला परखडपणा पालकांना बोचला, तरी तो त्यांना झिडकारणारा नव्हता. मुलाकडे या, असे बोलावणारा होता. जो शब्द माणसाला माणसाकडे आणतो तो कितीही कडू असला तरी सल्ला असतो. जो त्याला एकटे सोडून जातो तो कितीही गोड असला तरी कोरडा उपदेशच.