देवाच्या दारीं दलाल नको
(बेलवली येथें दिलेलें भाषण)



आम्ही ख्रिस्ती मंडळीचे पाळक आहोंत असें ऐकतांच कित्येकांच्या मनांत येईल कीं, हे आतां आम्हांस बाटवावयास आले. तसें नाहीं. आमचा विश्वास काय आहे आणि त्यास आम्हीच कोठें उणे पडतों, एवढेंच उघड्या मनानें सांगावयास आम्ही बेलवलीस आलों आहोंत.

तुम्ही शेतकरी व कारागीर माणसें. दलाली म्हणजे काय हें तुम्हांस शिकवावयास नको. माल एकाचा, घेणारा दुसरा, आणि मध्यें उभा राहून खातो तो तिसराच! देवाच्या दारींही असाच तिसरा उभा राहिला आहे. शुभवर्तमान म्हणतें कीं, तारण विकत मिळत नाहीं. दक्षिणेनें नाहीं, उपासानें नाहीं, कुळानें तर नाहींच. देव तें कृपेनें देतो, माणसानें तें विश्वासानें घ्यावयाचें. ख्रिस्तानें वधस्तंभावर प्राण देऊन सर्वांचें देणें एकदांच फेडलें. फिटलेल्या कर्जाचें खत घेऊन कोणी पुन्हां दारांत आला, तर त्यास काय म्हणाल? हा ख्रिस्त सुताराच्या घरीं वाढला. त्याचा शिष्य पेत्र कोळी होता, आणि पौल तंबू करून पोट भरी.

पण विश्वास म्हणजे नुसतें नांव बदलणें नव्हे. आपल्या बदलापुरावरून जाणारा लोहमार्ग पुण्यापुढें केडगांवास जातो. तेथें पंडिता रमाबाईंचें मुक्तिसदन आहे. बाईंनीं 1883 सालीं इंग्लंडांत बाप्तिस्मा घेतला. परंतु 1907 सालच्या आपल्या साक्षींत त्या सांगतात कीं, धर्म मिळाला तरी ख्रिस्त मिळावयास आणखी आठ वर्षें लागलीं. एवढ्या विदुषीची ही गोष्ट! मग दुष्काळांत मूठभर दाण्यासाठीं आलेल्याचा विश्वास पाण्याच्या शिंतोड्यानें ठरला, असें आम्हीं कसें म्हणावें? भुकेल्यास भाकर द्यावी ती त्यास भूक आहे म्हणून. गळाचें आमिष म्हणून नव्हे.

याच बाईंनीं इब्री व ग्रीक भाषा शिकून सबंध पवित्रशास्त्र साध्या बायाबापड्यांस कळेल अशा मराठींत उतरविलें. त्या 1922 सालीं वारल्या. ग्रंथ 1924 सालीं बाहेर पडला. शास्त्र ज्याच्या त्याच्या हातीं गेलें म्हणजे पाळकाचें बोलणेंही त्याशीं ताडून पाहतां येतें. तसें तें पाहावेंच.

आतां आमचें उणें. प्रभूच्या मेजावर आम्ही एक भाकर मोडून खातों, आणि सोयरीक जुळवितांना जुनी जात विचारतों! आशीर्वादाची किंमत सांगणारे पाळकही आमच्यांत निघतात. बाहेरचा दलाल नको म्हणावयाचें आणि घरांत दुसरा बसवावयाचा, हें शुद्ध ढोंग आहे. जेथें जात चालते, तेथें कृपेचा उपदेश फुकट आहे.

जोतीराव फुले स्कॉटिश मिशनच्या शाळेंत शिकले, पण ख्रिस्ती झाले नाहींत. त्यांच्या मागें 1891 सालीं छापलेल्या 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तकां'त ते सांगतात कीं, एकाच घरांत बायको बौद्ध, नवरा ख्रिस्ती, मुलगी मुसलमान व मुलगा सत्यधर्मी झाला तरी सर्वांनीं प्रेमानें नांदावें. तारण ख्रिस्तांत आहे हा आमचा विश्वास आम्ही लपवीत नाहीं. परंतु लोभ दाखवून, भीति घालून अगर घर मोडून जो पसरवावा लागतो, तो विश्वास कृपेचा नव्हे.

म्हणून घाई करूं नका. वाचा, विचारा, पटेल तें घ्या. आणि आमच्या मंडळींत जात दिसली, तर आम्हांस तोंडावर सांगा.