ओटीपोटाचें जुनाट दुखणें

मराठींत 'अंगावर काढणें' असा एक वाक्प्रचार आहे. ताप अंगावर काढतात, खोकला अंगावर काढतात. परंतु हा वाक्प्रचार स्त्रियांच्या दुखण्यांना जितका लागू पडतो तितका दुसऱ्या कशासहि पडत नाहीं. पाळीच्या दिवसांत ओटीपोटांत कळा येऊं लागल्या कीं मुलगी पोटाशीं पाय घेऊन निजते. आई गरम पाण्याची पिशवी आणून देते आणि 'लग्न झालें म्हणजे थांबेल' असें सांगते. लग्न होतें, कळा थांबत नाहींत. मग 'एक मूल झालें म्हणजे थांबेल' असें सासू सांगते. मूल होतेंच असें नाहीं. आणि झालें तरी पुष्कळदां कळा कांहीं काळानें परत येतात. या सांत्वनांत दुष्टावा मुळींच नसतो. सांगणारीलाहि तिच्या आईनें तेंच सांगितलेलें असतें. पण असें सांगतां-सांगतां पांच-सात वर्षें सहज निघून जातात.

पाळीच्या पहिल्या-दुसऱ्या दिवशीं थोडेंसें दुखावें, हें स्वाभाविक आहे. मात्र ज्या दुखण्यानें शाळा किंवा कचेरी बुडते, जें साध्या गोळीला दाद देत नाहीं, जें वर्षागणिक वाढत जातें, त्याला स्वाभाविक म्हणण्याचें कारण नाहीं. पाळीच्या आधीं चार दिवस सुरू होणारें, पाळी संपल्यावरहि मागें राहणारें, शौचाच्या वा लघवीच्या वेळीं कळ आणणारें, पतिसंगाच्या वेळीं आंत खोल दुखविणारें, अशी त्याची आणखीहि रूपें आहेत. यांतील शेवटचें लक्षण स्त्रिया बहुधा कोणासच सांगत नाहींत. निदानाच्या दृष्टीनें तें फार मोलाचें असतें. ओटीपोटांतील असें दुखणें सहा महिन्यांच्या वर टिकलें म्हणजे वैद्यकशास्त्र त्याला जुनाट म्हणतें.

या दुखण्याच्या मागें पुष्कळदां जो रोग निघतो त्याचें नांव एंडोमेट्रिओसिस. गर्भाशयाच्या आंत जें अस्तर असतें आणि जें दर महिन्याला पाळीच्या रूपानें गळून पडतें, त्याच जातीचें अस्तर या रोगांत गर्भाशयाबाहेर, बीजकोशांवर, आंतड्यांवर, पोटाच्या आंतल्या आवरणावर रुजतें. शरीरांतील संप्रेरकें त्यालाहि चेतवितात. तेंहि महिन्याच्या महिन्याला सुजतें, त्यांतूनहि रक्त सुटतें. त्या रक्ताला बाहेर पडण्यास वाट मात्र नसते. मग तेथें दाह होतो, व्रण पडतात, अवयव एकमेकांना चिकटतात. व्हिएन्ना येथील रोकिटान्स्की यानें १८६० सालीं या प्रकाराचें वर्णन केलें होतें. पाळीचें कांहीं रक्त गर्भनलिकांतून उलट पोटांत जातें व तेथें हें अस्तर रुजतें, अशी उपपत्ति अमेरिकेंतील सॅम्प्सन यानें १९२७ सालीं मांडली. तिनें सर्वच गोष्टींचा उलगडा होत नाहीं, तरी ती अजून विचारांत घेतली जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें प्रजननक्षम वयाच्या दर दहा स्त्रियांत सुमारें एकीला, म्हणजे जगांत सुमारें १९ कोटी स्त्रियांना, हा रोग आहे.

तथापि प्रत्येक दुखणें म्हणजे हाच रोग नव्हे. गर्भाशयाच्या भिंतींतच अस्तर शिरणें, गर्भनलिकांची जुनी सूज, हीं कारणें असूं शकतात. आणि आपल्या देशांत तर क्षयाचा विचार सोडून चालत नाहीं. क्षय म्हटला कीं फुप्फुसच आठवतें. पण तो गर्भनलिकांतहि वस्ती करतो, आणि कित्येकदां मूल होत नाहीं म्हणून तपास केल्यावरच उघडकीस येतो. त्याचीं औषधें निराळीं आणि तीं महिनोन्महिने नेमानें घ्यावयाचीं असतात. शिवाय मूत्राशय, आंतडीं व ओटीपोटाच्या तळाचे स्नायू हेहि दुखण्याचें मूळ असूं शकतात. ते स्नायू वर्षानुवर्षें आखडून राहिले कीं मूळ रोग शमला तरी दुखणें उरतें. तेथें औषधापेक्षां जाणकार फिजिओथेरपिस्टचा उपयोग अधिक होतो.

म्हणूनच या कामीं तज्ज्ञाची गरज. सोनोग्राफींत कांहीं दिसलें नाहीं म्हणजे कांहीं नाहींच, असा समज घरोघर आहे. एंडोमेट्रिओसिसचे वरवरचे डाग सोनोग्राफींत सहसा दिसत नाहींत. स्वच्छ रिपोर्ट हातांत घेऊन कित्येक स्त्रिया 'मनाचे खेळ' हा शिक्का कपाळीं घेऊन परततात. पूर्वीं दुर्बिणीनें पोटांत पाहिल्यावांचून निदान पुरें मानीत नसत. २०२२ सालच्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांप्रमाणें तशी सक्ति उरलेली नाहीं. लक्षणें पाहून व पोट तपासून औषध सुरू करतां येतें.

स्त्रियांना आपलें दुखणें पुरुष डॉक्टरपुढें उघड करण्याचा संकोच वाटतो, ही गोष्ट मुंबईनें फार पूर्वीं ओळखली होती. डॉ. एडिथ पीची १८८३ सालीं येथें आल्या आणि १८८६ सालीं कामा रुग्णालय उभें राहिलें तें याच जाणिवेंतून. आतां स्त्री-डॉक्टरांची वाण नाहीं. पण संकोच पुरता गेलेला नाहीं. सासू किंवा पति बरोबर असेल तर त्यांनीं थोडा वेळ बाहेर बसावें, हें उत्तम. तत्पूर्वीं दोन-तीन महिने एका वहींत टिपण ठेवावें: पाळीची तारीख, कळ कोठें व केव्हां, शून्य ते दहांत तिची तीव्रता किती, कोणतें काम बुडालें, कोणती गोळी घेतली. दहा मिनिटांच्या भेटींत अशी वही जितकें सांगते तितकें तोंडानें सांगणें कठीण.

उपचार पुष्कळ आहेत. वेदनाशामक गोळ्या, डायनोजेस्टसारखीं संप्रेरकें, गर्भाशयांत बसविण्याचें संप्रेरकयुक्त साधन, आणि प्रसंगीं दुर्बिणीची शस्त्रक्रिया. संप्रेरकें रोगाला दाबून ठेवतात, समूळ नाहींसा करीत नाहींत. आणि मूल हवें असेल तर तीं घेतां येत नाहींत. म्हणून मुलाची इच्छा पहिल्याच भेटींत सांगावी.

'पिशवी काढून टाकली म्हणजे सुटलों' हा सल्ला मात्र सावधपणें घ्यावा. २०१९ सालीं बीड जिल्ह्यांत ८२ हजारांवर ऊसतोड कामगार स्त्रियांची पाहणी झाली. त्यांतील १३ हजारांहून अधिक स्त्रियांचीं गर्भाशयें काढलेलीं आढळलीं. रोग गर्भाशयाबाहेर पसरला असेल तर पिशवी जाऊनहि कळ राहते. त्याबरोबर तरुणपणींच बीजकोश काढले तर हाडें ठिसूळ होतात आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. कित्येकींना ही शस्त्रक्रिया खरोखरच आवश्यक असते, आणि तिनें त्या सुखीहि होतात. पण ती करण्यापूर्वीं रोगाचें नांव काय, दुसरे कोणते उपाय करून पाहिले, बीजकोश राहणार कीं जाणार, हें विचारण्याचा रोगिणीला पूर्ण अधिकार आहे. उत्तरें पटलीं नाहींत तर सर्व कागद घेऊन दुसऱ्या तज्ज्ञाकडे जावें. चांगला डॉक्टर ते कागद आपण होऊन देतो.