गाठ नाही, तर मान कामून कापायची?

मी मूळचा डोंगरकड्याचा. तालुका कळमनुरी, जिल्हा हिंगोली. बीटेक केलं, आता सॉफ्टवेअरमध्ये आहे. आजचा विषय कोडिंगचा नाही, पण टेस्टिंगचा नक्की आहे.

गेल्या वर्षी माझ्या काकांच्या जिभेच्या कडेला जखम झाली, ती भरेचना. तंबाखू वीस वर्षांची. तपासणीत कॅन्सर निघाला, पण सुरुवातीचा. डॉक्टर म्हणाले, जिभेचं ऑपरेशन करू आणि त्याच वेळी मानेतल्या लसिकाग्रंथीही काढू. बाहेर आल्यावर काकांनी मला विचारलं, "मानेत गाठच नाही, तर मान कामून कापायलेत? आपल्यावर प्रयोग तर करायले नाहीत ना?"

मला उत्तर येत नव्हतं. रात्री मोबाईलवर शोधत बसलो. उत्तर मुंबईत होतं.

हाच प्रश्न टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनाही पडला होता. मानेच्या ऑपरेशननं खांद्याचा त्रास होऊ शकतो. मग आधीच कापायचं, की गाठ दिसेपर्यंत थांबायचं? खात्रीनं कोणालाच माहीत नव्हतं. म्हणून २००४ ते २०१४ मध्ये डॉ. अनिल डिक्रूझ यांच्या टीमनं ट्रायल केली. ५९६ पेशंट सहभागी झाले. कोण कोणत्या गटात जाणार, हे डॉक्टर ठरवत नाही, चिठ्ठी टाकल्यासारखं ठरतं. नाहीतर धडधाकट पेशंट एकाच गटात गेले असते.

आता मला आवडलेला भाग. आपण कोड लिहिला की दुसरा रिव्ह्यू करतो, तसंच इथंही आहे, फक्त बग म्हणजे माणसाचा जीव. प्रश्न काय, पेशंट किती, यश कशाला म्हणायचं, हे सगळं आधी लिहून काढावं लागतं. निकाल बघून मग नियम बदलायचे नाहीत. मग एथिक्स कमिटी. २०१९ च्या नियमांनुसार तिच्यात किमान सात जण, त्यातले निम्मे त्या हॉस्पिटलबाहेरचे, आणि एक तरी साधा माणूस, डॉक्टर नसलेला. नव्या औषधाच्या ट्रायलमध्ये गंभीर त्रास झाला, तर चोवीस तासांत कळवावं लागतं. मॉनिटर येऊन पेशंटची मूळ फाईल आणि भरलेला फॉर्म जुळतो का, ते तपासतो.

शिवाय एक स्वतंत्र डेटा कमिटी असते. ट्रायल चालू असतानाच आकडे बघायचा अधिकार तिला असतो. एक गट स्पष्टपणे मागे पडला, तर ती थांबा म्हणू शकते. टाटाच्या ट्रायलमध्ये या कमिटीनं ठरवल्याप्रमाणे पहिल्या ५०० पेशंटचा निकाल २०१५ मध्ये जाहीर झाला. मानेचं ऑपरेशन आधीच केलेल्यांत तीन वर्षांनी ८० टक्के जिवंत होते. थांबलेल्यांत ६७.५ टक्के.

सकाळी काकांना हे सांगितलं. म्हटलं, प्रयोग झालाय काका, पण तुमच्या आधी. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "अन् ते थांबलेले लोक?"

पहिल्या गटातल्या २४५ पैकी ५० जण गेले होते, थांबलेल्या २५५ पैकी ७९. मी आकडे सांगितले. काका म्हणाले, "म्हंजे माझं उत्तर त्यांनी दिलं."

काकांचं ऑपरेशन झालं. खांदा अजून दुखतो, व्यायाम चालू आहे. तंबाखू सुटली. परवा तपासणीला गेले, तेव्हा एका नव्या ट्रायलबद्दल विचारणा झाली. त्यांनी लगेच सही केली नाही, फॉर्म घरी आणला. आम्ही प्रश्न लिहून काढले. नोंदणी नंबर काय? एथिक्स कमिटीचा फोन कोणता? त्रास झाला तर खर्च कोणाचा? मधूनच सोडलं तर नेहमीचे उपचार चालू राहतील ना? राहायलाच पाहिजेत, तो पेशंटचा हक्क आहे.

भारतातल्या ट्रायलची नोंद सीटीआरआयच्या वेबसाईटवर असते, २००९ पासून ती सक्तीची आहे. फोन हातातच आहे, बघून घ्या. सही करायची की नाही, ते काका ठरवतील. माझं काम फक्त वाचून दाखवायचं.

आणि तोंडातली जखम तीन आठवड्यांत भरली नाही, तर रील बघत बसू नका, डॉक्टरकडे जा. भेटू पुढच्या भागात!