पर्मनंट झाला का रं?



मी साहेब नाही, हे आधीच सांगून टाकतो. मॅट्रिक पास. न्हावाशेव्याच्या बंदरात ठेकेदाराच्या माणसांत राबतो. काल रात्रपाळी उतरलो आणि सरळ नगरच्या गाडीत बसलो. कविता करतो, त्याचे पैसे कोणी देत नाही. म्हणजे वस्तीच्या हिशेबात मी वाया गेलेला. गावी आलो की आत्या उंबऱ्यातच विचारते, "पर्मनंट झाला का रं?" जेवलास का, हे नंतर.

तिचं चुकत नाही. तिचा बाप, म्हणजे माझा आजा, मुंबईच्या गोदीत कायम होता. त्याच्या पगारावर इथं तीन चुली पेटत. महिन्याची मनीऑर्डर आली की सावकाराकडं जावं लागत नसे. पोटाला मिळालेलं माप आहे ते, म्हातारीनं ते कुठल्या पुस्तकातून घेतलेलं नाही.

पण एक गंमत बघा. आजा अंगठेबहाद्दर. मी मॅट्रिक. तो कायम, मी कंत्राटी. मग नापास कोण झालं? १९४८ साली गोदी कामगारांसाठी कायदा झाला, नोंदणी आली, पाळी नाही मिळाली तरी थोडंफार पदरात पडू लागलं. तो कायदा मागणारे कामगार होते, लढले होते. १९८९ साली न्हावाशेवा सुरू झालं. लोखंडी पेट्या आल्या, मोठ्या क्रेन आल्या. जिथं अख्खी टोळी घाम गाळायची तिथं वर काचेच्या खोलीत एकटा माणूस बसतो. आत्या प्रश्न मला विचारते, पण त्याचं उत्तर माझ्या खिशात नाही. हे तिला कसं सांगू? सांगितलं तर म्हणेल, कारणं सांगतो मुडदा.

आता जो पास झाला त्याचं बघू. याच जिल्ह्यातलं, अकोले तालुक्यातलं धामणगाव. तिथला दगडू मारुती पवार. त्याचाही बाप मुंबईला गोदीतच. पोरगा शिकला, नोकरीला लागला, दया पवार झाला. वस्तीच्या मापानं पुरा उतरला. आणि १९७८ साली त्यानं 'बलुतं' लिहिलं. त्यात दोघं समोरासमोर बसलेत. दगडू सांगतो, दया पवार ऐकतो. एकाच माणसाचे हे दोन तुकडे. वर चढताना त्याला दगडू खाली ठेवावा लागला होता, चाळिशी ओलांडल्यावर तो परत उचलून आणला. आपलेच काही शिकलेले लोक तेव्हा चिडले, म्हणाले घाण कशाला उकरता? मला वाटतं त्यांना पुस्तकाचा राग नव्हता. शेजाऱ्याला कळेल, ही भीती होती. १९९० साली पद्मश्री मिळाली तेव्हा तोंडं गोड झाली असतील.

१८ मार्च १९५६ ला आग्र्याला बाबासाहेबांनी शिकलेल्या लोकांबद्दलचं दुःख बोलून दाखवलं. ते आपण साहेबलोकांच्या तोंडावर फेकतो. मीही फेकलंय, दारू पिऊन फेकलंय. फेकायलाच पाहिजे, त्यात माघार नाही. पण त्या साहेबाच्या ऑफिसात काय चालतं तेही बघा. इकडून तीस माणसं त्याच्या पगाराकडं डोळे लावून, तिकडं बाजूच्या टेबलावरचा आडून विचारतो, "कोट्यातून का?" जळगावकडची डॉ. पायल तडवी. आदिवासी तडवी समाजातली पोरगी, डॉक्टर झाली, पुढचं शिकत होती. २२ मे २०१९ ला मुंबईच्या नायर हॉस्पिटलात तिनं जीव दिला. जातीवरून छळ केला म्हणून तीन सहकारी डॉक्टर बायांवर खटला भरला गेला. डॉक्टरच्या वर आणखी कुठली पायरी चढायची? कुठल्या पायरीवर जात विचारायचं थांबतं, ते कुणीतरी मला दाखवा.

आणि आपण काय करतो? दहावीचा निकाल लागला की विहारासमोर फ्लेक्स लावतो. पास पोरांचे फोटो, गॉगल घातलेल्या पुढाऱ्याचा त्याहून मोठा. नापास झालेलं पोरगं त्या दिवशी मागच्या गल्लीनं जातं. तुम्ही पाहिलंय, मीही पाहिलंय, हाक कुणीच मारत नाही.

माझा एक दोस्त आहे, नाव घेत नाही. पोलीस भरतीत तीनदा धावला, तिसऱ्यांदा दोन मार्कांनी गेला. त्याच्यासाठी आईनं डोरलं मोडलेलं. दोन वर्षं झाली, तो घरी आलेला नाही. जयंतीलाही नाही. इथून जवळच एका गोडाऊनमध्ये हमाली करतो, आईला सांगितलंय ट्रेनिंगला आहे. सकाळी मी त्याला भेटून आलो. म्हटलं, चल सभेला. म्हणाला, "काय तोंड दाखवू?" एकट्याचं माझं ऐकणार नाही तो. त्याच्या गावाची शेवटची एसटी साडेसातला आहे. सभा संपली की मी परत जाणार आहे त्याच्याकडं. दोघंतिघं तरी या माझ्याबरोबर.