भूक वाढते, वजन घटते

आमच्या यवतमाळकडे बाई वाळायला लागली की लोक आधी दोनच नावे घेतात, टीबी नाहीतर शुगर. माझ्या थोरल्या बहिणीला, आपाला, दोन्ही नव्हते. ज्वारीच्या तीन भाकरी खाऊन तासाभरात तिला पुन्हा भूक लागे, आणि बांगड्या मात्र कोपराकडे सरकत. छाती धडधडे, हात थरथरून चहा बशीत सांडे. घामही फार येई. पण मे महिन्यात यवतमाळात घाम कुणाला येत नाही?

रक्त तपासले तर टीएसएच अगदी खाली, टी-३, टी-४ वर. गळ्यातली थायरॉईड ग्रंथी गरजेपेक्षा जास्त काम करीत होती. चूल अशी भडकली की शरीर स्वतःचे स्नायूही जाळते, हाडांतले कॅल्शियमही घटते. म्हणून नुसते तूपसाखर पुरत नाही. तुरीचे वरण, अंडी, दूध-दही हवे. चहा कमी. स्वयंपाकातले मीठ बेताने चालते, पण आयोडीनच्या गोळ्या आपल्या मनाने घेऊ नयेत. रोजे धरायचे की नाही, हेही डॉक्टरांशी आधी बोलावे. आजाऱ्याला सवलत आहेच.

गोळ्यांनी काही महिन्यांत वजन परतले, आणि आपा रुसली! जाळ मंदावला तरी खाण्याची सवय जुनीच असते, म्हणून वजन कधी जास्तही भरते. ती गोळ्याच सोडायला निघाली. डॉक्टरांनी सांगितले, औषध मध्येच तोडले तर आजार उलटतो, हृदयाची लय बिघडू शकते. मग दुल्हाभाईंनी तिच्या ताटातली एक भाकरी कमी केली, भाजी वाढवली. गोळी चालू राहिली.