गियर का पडत नाही?

मंडळी, परवा गावची जीप अडलेल्या बाईला दवाखान्यात नेत होती. चढाला थांबली, मग गियरच पडेना. ड्रायव्हर दांड्याशी झटू लागला. जोर केला की दाते खरडतात!

आम्ही म्हटलं, "बाबा, हातब्रेक ओढ, इंजीन बंद कर. आता क्लच दाबून गियर टाक."

अलगद पडला. तेव्हाही जड गेला असता, तर दोष दांड्याच्या जोडांत किंवा गियरबॉक्सात. इथं क्लचच पुरता सुटत नव्हता. क्लचच्या तेलाची डबी उघडली, तर तेल तळाला! गाडीत ब्रेकचं तेल होतं. तेच क्लचला चालतं. ते भरलं, पायडल दहा-बारा वेळा दाबलं. बाई वेळेत पोचली.

पण तेल गेलं कुठं? दुसऱ्या दिवशी क्लचच्या खालच्या सिलिंडरला गळती सापडली.