डोळा मातीत ठेवा

(रोहिणखेड येथील बैठकीतील भाषणाचा सारांश)



पऱ्हाटी-ज्वारीचा हिशेब आपण रोज करतो. ज्याचा हिशेब कुणीच ठेवत नाही, त्या रानसुरणाबद्दल आज बोलायचं आहे.

पावसाळ्याच्या तोंडावर याचं फूल मातीतून थेट वर येतं, पान मागाहून. फुलाला सडक्या मांसासारखा वास. त्या वासानं माश्या-भुंगेरे येतात आणि परागीभवन होतं. मग ठिपक्यांच्या दांड्यावर छत्रीसारखं एकच पान उघडतं. पावसाळाभर ते पान खाली नवा कंद भरतं. जुना कंद त्यातच खपतो. पावसाळा सरून पान पिवळं पडलं, आडवं झालं, की कंद तयार.

हा कंद खाजरा. त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, ते घशाला टोचतात. म्हणून आपल्या बाया हाताला तेल लावून कंद चिरतात, चिंच घालून चांगला उकळतात आणि ते पाणी फेकतात. ही विद्या म्हाताऱ्या बायांच्या हातात आहे. त्यांच्याबरोबर ती गेली तर कंद रानात असूनही आपल्या ताटात येणार नाही.

१९७२ चा दुष्काळ आठवा. ज्वारी पिकवणाऱ्या माणसाला रेशनची मिलो खावी लागली. एका कंदानं दुष्काळ हटतो असं मी म्हणत नाही. पण घरच्या धुऱ्यावरचं अन्न विकत घ्यावं लागत नाही, एवढं खरं.

एक धोका मात्र ध्यानात ठेवा. कुंपणावर लाल-पिवळ्या फुलांची कळलावी चढते. तिलाही कंद असतो, नांगरासारखा वाकडा. तो जहर आहे, माणूस दगावतो. ओळख पक्की नसेल तर कुठलाही रानकंद तोंडात घालू नका. पोरांना आधी कळलावी दाखवा, मग सुरण.

आता काम काय? कंद खणला की सगळा घरी नेऊ नका. वरचा डोळा असलेला तुकडा आणि कडेची पिल्लं परत मातीत ठेवा. पाणी साचणाऱ्या काळ्या रानात कंद सडतो; निचऱ्याचा धुरा किंवा झाडाची सावली बघा. २००६ च्या वनहक्क कायद्यानं कंदमुळं गौण वनोपजात धरली आहेत. पण हक्क सांगायला रानात कंद तर उरला पाहिजे!

पुढच्या बैठकीला येताना घरच्या म्हातारीला सोबत आणा. त्या दिवशी भाषण तिचं, ऐकणारे आपण.